संशोधनासाठी सरकारी तरतूद किती असावी, हे कसे ठरवावे

विज्ञान-संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्के खर्च व्हावा, हे उद्दिष्ट २००३ च्या राष्ट्रीय धोरणात आले आणि २०१३ च्या धोरणातही कायम राहिले. २०२०-२१ मध्ये देशाचा प्रत्यक्ष खर्च मात्र ०.६४ टक्के, म्हणजे सुमारे १.२७ लाख कोटी रुपये होता. त्या हिशेबाने दोन टक्के म्हणजे जवळपास चार लाख कोटी होतात. एका वर्षात तिप्पट वाढ मागणाऱ्या प्रस्तावाला अर्थ मंत्रालयात फारसे वजन राहत नाही, म्हणून मागणीची सुरुवात टक्केवारीपासून करू नये.

ती आधीच पत्करलेल्या दायित्वांपासून करावी. वेतन, पाठ्यवृत्त्या (फेलोशिप), चालू प्रकल्पांचे उरलेले हप्ते आणि उपकरणांची देखभाल यांची बेरीज केल्यावर नव्या कामासाठी खरोखर किती मोकळीक आहे, ते दिसते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारायच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. अशा प्रकल्पात बांधकामाइतकाच विचार पुढील अनेक वर्षांच्या वीज, तंत्रज्ञ आणि सुट्या भागांच्या खर्चाचाही करावा लागतो, आणि नेमके तेच कलम कागदावर सर्वांत बारीक अक्षरात असते. महागाईसाठीही दरवर्षी वाढ धरावी. कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती २०१९ मध्ये दरमहा ३१,००० रुपये झाली आणि ती ३७,००० होण्यासाठी २०२३ उजाडले. मधल्या काळात घरभाडे थांबले नव्हते.

त्यानंतर मागील चार-पाच वर्षांचा अर्थसंकल्पीय अंदाज, वर्षाच्या मध्यात बदललेला सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी मांडावेत. पैसा अखर्चित राहिला असेल, तर विभागाची खर्च करण्याची क्षमता नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये. निधी वर्षाच्या अखेरीस हाती पडला असेल, तर ३१ मार्चपूर्वी उपकरणांची खरेदी प्रक्रिया पुरी होणे कठीणच असते. मात्र पात्र प्रस्ताव किंवा प्रशिक्षित माणसेच कमी असतील, तर आधी पाठ्यवृत्त्यांची आणि पदांची संख्या वाढवावी.

वाढीचा वेगही जपून ठरवावा. अमेरिकेने १९९८ ते २००३ या काळात वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या आपल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा (एनआयएच) निधी सुमारे १३.६ अब्ज डॉलरवरून २७ अब्जांवर नेला. पुढे वाढ जवळपास थांबली, पण भरभराटीच्या काळात वाढलेल्या प्रयोगशाळा अनुदान मागतच राहिल्या आणि मंजुरीचे प्रमाण घसरले. पाच वर्षांत दुप्पट करून थांबण्यापेक्षा महागाई वजा जाता स्थिर वाढ दहा वर्षे देणे अधिक उपयोगाचे.

उद्योगांकडून येणारा पैसा सरकारी तरतुदीत मिसळू नये. संशोधनाला निधी देण्यासाठी केंद्राने स्थापलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी २०२३-२८ या काळात जाहीर झालेल्या ५०,००० कोटींपैकी १४,००० कोटीच केंद्राचे आहेत, बाकीचे इतर स्रोतांतून अपेक्षित आहेत. अपेक्षित रक्कम वेगळ्या रकान्यात लिहावी आणि ती न आल्यास कोणते काम पुढे ढकलायचे, हेही प्रस्तावातच नोंदवावे.