सोलापुरात बसून दिवाळखोरीची वकिली

सनद मिळाली तेव्हा दिवाळखोरी हे मुंबईच्या मोठ्या वकिलांचं काम, असंच मला वाटायचं. अर्ज चालतात ते मुंबईच्या एनसीएलटीपुढे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, हे खरं. पण कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सूत देणारा व्यापारी पूर्व भागात आणि कामगार विडी घरकुलात राहायला. म्हणजे पुरावा सगळा इथे. तो नीट गोळा करणारा ज्युनिअर इथेच लागतो.

पक्षकार समोर बसला की आधी एवढंच बघा: देणेकरी खरंच कंपनी आहे का? आपल्याकडचे कितीतरी टॉवेल-चादरीचे कारखाने मालकीचे किंवा भागीदारीचे असतात. बोर्डावर ‘इंडस्ट्रीज’ असलं म्हणून कंपनी होत नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतली कंपन्यांची प्रक्रिया कंपनी आणि एलएलपीलाच (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) लागू आहे. थकबाकीही किमान 1 कोटी हवी; 24 मार्च 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. त्यामुळे 22 लाख अडकलेल्या सूतवाल्याला एकट्याने अर्ज करता येत नाही. मात्र बँकेचा अर्ज दाखल करून घेतला गेला, तर त्यालाही दावा लावता येतो. हे त्याला सांगायला विसरू नका.

माझी पहिली कलम 8 ची नोटीस, म्हणजे अर्जाआधी द्यायची थकबाकीची मागणी, अजून आठवते. बिलं होती, खातेउतारा होता, मी खुशीत होते. 10 दिवसांच्या आत उत्तर आलं: सुताचा काउंट (जाडी-बारीकपणा) बरोबर नाही, अशी तक्रार खरेदीदाराने नोटिशीच्या कितीतरी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर केलेली. आधीपासूनचा खरा वाद असेल तर अर्ज टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या मोबिलॉक्स निकालात स्पष्ट केलंय. आमचाही टिकला नाही. पक्षकाराने सांगितलं नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं. आता मी बिलांच्या आधी फोनमधले मेसेज बघते.

कामगारांच्या दाव्यांना मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. गिरण्या बंद पडल्यावर अडकलेल्या पैशांच्या गोष्टी ऐकतच आपल्या पिढ्या वाढल्या. अर्ज दाखल होऊन कंपनीचा कारभार बघणारा अंतरिम व्यावसायिक नेमला गेला की जाहीर सूचना निघते आणि दाव्यांसाठी 14 दिवस मिळतात. उशिराचा दावाही काही काळ घेतला जातो, पण त्या भरवशावर राहू नका. कामगाराचा दावा फॉर्म डी मध्ये. अनेकांचा मिळून त्यांचा प्रतिनिधी फॉर्म ई मध्ये लावतो. नेमणूकपत्र बहुतेकांकडे नसतंच. बँकेचं पासबुक, पीएफचा उतारा, ईएसआयचं कार्ड, हजेरी कार्ड, जे हाती येईल ते घ्या. वयस्कर बायका हिशेब तेलुगूत जास्त मोकळेपणाने सांगतात, म्हणून तेलुगू येणारी सहकारी बरोबर असू द्या.

आणि सगळ्याची मिळून एकच रक्कम लिहू नका. पगार वेगळा, पीएफ वेगळा, ग्रॅच्युइटी वेगळी. कंपनी पुढे अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायची ठरली, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी निधीतलं देणं वाटपाच्या मालमत्तेबाहेर राहतं. मागच्या 24 महिन्यांची कामगारांची देणी, तारणावरचा हक्क सोडलेल्या बँकेच्या बरोबरीने येतात. एकत्र लिहिलेला आकडा नंतर सोडवताना फार त्रास होतो.

दाव्यांची यादी आली की एकेक नाव मोठ्याने वाचा. एका मावशींचं आडनाव आधारवर एक आणि पीएफमध्ये दुसरं होतं. यादीत त्यांच्या नावापुढे शून्य लागलं होतं. त्याच संध्याकाळी दोन्ही कागद जोडून मेल केला, तेव्हा पुढच्या यादीत त्यांची रक्कम आली.