पावसाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्रपक्ष्यांची आरोग्य-नोंद कशी घ्यावी

नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो तेव्हा, एरवी खोल समुद्रातच वावरणारे मास्क्ड बूबी, नॉडी आणि सूटी टर्न कधी कधी थकून मुंबईच्या किनाऱ्यांवर येऊन पडतात. खोल समुद्रात त्यांची तपासणी करणे अतिशय कठीण असल्यामुळे, क्षेत्रीय अभ्यासकाला त्यांच्या प्रकृतीविषयी येथे जे कळते, त्यातील बरेचसे या पक्ष्यांकडूनच कळते.

जुहू ते वर्सोवा असा एखादा पट्टा निवडावा आणि तोच पट्टा ठरावीक अंतराने, भरती ओसरू लागल्यावर पण सफाई सुरू होण्याआधी चालावा. नंतर गेल्यास मृत पक्षी कचऱ्याबरोबर उचलले गेलेले असू शकतात आणि नोंद फसवी ठरते. तारीख, वेळ, चाललेले अंतर, वारा आणि उधाण लिहावे. काहीही न सापडलेल्या दिवसाची नोंद आवर्जून करावी, कारण ती नसेल तर वादळानंतर सापडलेले पाच पक्षी नेहमीचे की असाधारण, हे ठरवताच येत नाही. माझ्या मते सर्वाधिक हयगय नेमकी येथेच होते, आणि तिची भरपाई पुढे कशानेही होत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लक्षात घेता पक्षी हाताळण्यासाठी आणि नमुने घेण्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी. ती नसल्यास शेजारी मोजपट्टी ठेवून चोच, पाय व पंखांची छायाचित्रे घेणे पुरेसे आहे. परवानगी असल्यास हातमोजे व मास्क घालून छातीचे हाड चाचपावे. त्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू खोल गेलेले असतील तर पक्षी उपाशी होता असे समजावे, मात्र उपासमारीचे मूळ वादळात होते की आजारात, हे शवविच्छेदनाशिवाय लिहू नये. पिसांवरील डांबराचे डाग, पायांत गुंतलेले जाळ्याचे धागे आणि जखमा स्वतंत्र रकान्यांत नोंदवाव्यात.

एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले, किंवा जिवंत पक्ष्याची मान पिळवटलेली व तोल गेलेला दिसला, तर बर्ड फ्लूची शक्यता गृहीत धरून कशालाही हात न लावता वनविभागाला आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

अशी लक्षणे नसलेला थकलेला पक्षी पुन्हा लाटांत ढकलू नये आणि त्याच्या चोचीत पाणी ओतू नये. त्याच्यावर टॉवेल टाकून त्याला हवेशीर खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे आणि बचाव पथकाच्या स्वाधीन करावे.