स्वतःला सावरणारी यंत्रणा उभारताना या चुका टाळा

21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहबच्या (प्रोग्रॅमर्सचा कोड साठवणारी सेवा) अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा नेटवर्कशी असलेला दुवा 43 सेकंदांसाठी तुटला. तेवढ्या वेळात डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्या ऑर्केस्ट्रेटरने ठरवलं की तिथले मुख्य डेटाबेस गेले, आणि मुख्यपद पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसकडे देऊन टाकलं. दुवा जुळला तेव्हा दोन्हीकडे अशा नोंदी होत्या, ज्या दुसरीकडे पोचलेल्याच नव्हत्या. सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली. ऑर्केस्ट्रेटर बिघडला नव्हता. त्याला जसं सांगून ठेवलं होतं, तसंच तो वागला.

स्वतःला सावरणाऱ्या अशा यंत्रणांची कल्पना 2001 मध्ये आयबीएमच्या पॉल हॉर्न यांनी मांडली. श्वास आणि हृदयाचे ठोके शरीर आपलं आपण सांभाळतं, तसं संगणकांनीही स्वतःला सांभाळावं, असा तो विचार. 2003 मध्ये जेफ्री केफार्ट आणि डेव्हिड चेस यांनी त्याला आकार दिला: निरीक्षण करा, अर्थ लावा, योजना आखा, अमलात आणा आणि पुन्हा निरीक्षण करा. आपण सगळी हुशारी मधल्या दोन टप्प्यांत ओततो. बिघाड मात्र बहुतेक वेळा दोन टोकांना होतो, म्हणजे यंत्रणा चुकीचं बघते किंवा बघितल्यावर फार जोरात हात चालवते.

दुसऱ्याच्या दुखण्यावर स्वतःला मारणं

लक्षण असं: डेटाबेस थोडा मंदावतो आणि त्याच्यासमोरचे सगळे सर्व्हर एकापाठोपाठ रीस्टार्ट होऊ लागतात. कारण जवळपास नेहमी तेच असतं. कुबरनेटिस ही अनेक सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली. तिच्या लाइव्हनेस प्रोबमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने पाहणाऱ्या तपासणीत, कुणीतरी डेटाबेसची चौकशी घातलेली असते. हा प्रोब एकच प्रश्न विचारण्यासाठी आहे: ही प्रोसेस अशी अडकली आहे का, की मारून पुन्हा सुरू केल्याशिवाय सुटणार नाही? डेटाबेस मंद असेल तर सर्व्हर मारून काय मिळणार? उलट नव्याने उठणारा प्रत्येक सर्व्हर नवी कनेक्शन्स मागतो, रिकामी कॅश (हाताशी ठेवलेल्या माहितीचा साठा) भरू लागतो आणि आधीच दमलेल्या डेटाबेसवर आणखी भार टाकतो.

काही बदलून दिलं नाही तर हा प्रोब दर 10 सेकंदांनी विचारतो, उत्तरासाठी 1 सेकंद थांबतो आणि सलग 3 वेळा चुकला की कंटेनर, म्हणजे ती प्रोसेस ज्या बंदिस्त कप्प्यात चालते तो, मारला जातो. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या मंदपणाने सगळा ताफा आडवा होऊ शकतो. लाइव्हनेसमध्ये फक्त स्वतःच्या प्रोसेसची तपासणी ठेवा. ‘सध्या माझ्याकडे काम पाठवू नका’ हे सांगायला रेडिनेस प्रोब आहे. पण तिथेही डेटाबेसची अट घालताना विचार करा, कारण डेटाबेस सामायिक असेल तर सगळेच सर्व्हर एकदम ‘नको’ म्हणतील.

मागचं-पुढचं न बघता वाढवणं-कमी करणं

सर्व्हरच्या संख्येचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतोय? मग यंत्रणा हेलकावे खातेय. हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. वाफेच्या इंजिनांचा वेग सांभाळणारे गव्हर्नर कधी स्थिर राहतात आणि कधी झुलू लागतात, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 मध्येच मांडलं होतं. कृती आणि तिचा परिणाम दिसणं यात जितका उशीर, तितका झुलण्याचा धोका मोठा.

कुबरनेटिसचा ऑटोस्केलर, म्हणजे भार बघून सर्व्हरची संख्या आपोआप कमी-जास्त करणारा भाग, दर 15 सेकंदांनी हिशेब करतो. ठरवून दिलेल्या भाराच्या लक्ष्यापासून 10 टक्क्यांच्या आतला फरक तो सोडून देतो, आणि संख्या कमी करण्याआधी मागच्या 5 मिनिटांतली सर्वांत मोठी शिफारस धरतो. हे आकडे ‘फार सावकाश’ वाटतात म्हणून पहिल्याच आठवड्यात खाली आणले जातात. कृपया तसं करू नका. आधी तुमचा सर्व्हर सुरू होऊन पूर्ण ताकदीने काम करायला किती वेळ घेतो, ते मोजा. त्या वेळेपेक्षा घाईने घेतलेला प्रत्येक निर्णय जुन्या चित्रावर घेतलेला असतो.

याच घरातली दुसरी चूक जास्त फसवी आहे. प्रतिसादाचा वेळ वाढला की सर्व्हर वाढवा, असा नियम केलेला असतो, पण अडथळा असतो डेटाबेसमध्ये. सर्व्हर वाढतात, डेटाबेसवरची गर्दी वाढते, प्रतिसाद आणखी लांबतो, आणि नियम सांगतो: अजून वाढवा. ही साखळी आपोआप थांबत नाही. म्हणून कमाल मर्यादा हवीच, आणि ती डेटाबेसला किती कनेक्शन्स पेलतात यावरून ठरवायला हवी.

एका कळीवर दोन हात

11 ऑगस्ट 2016 रोजी रेडिट या चर्चेच्या साइटच्या इंजिनिअर्सनी झूकीपरचं (सर्व्हरांची सामायिक माहिती ठेवणारी यंत्रणा) स्थलांतर करण्यासाठी ऑटोस्केलर हाताने बंद केला. पॅकेज सांभाळणाऱ्या यंत्रणेला तो बदल चुकून झालेला वाटला आणि तिने ऑटोस्केलर पुन्हा सुरू केला. ऑटोस्केलरने अर्धवट हललेली माहिती वाचून बरेच सर्व्हर बंद करून टाकले. साइट सुमारे दीड तास बंद पडली. प्रत्येक यंत्रणा आपापल्या जागी बरोबर होती, म्हणूनच मला हे उदाहरण सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

ही चूक लहान रूपात खूपदा भेटते. ऑटोस्केलर चालू असताना डिप्लॉयमेंटच्या फाइलमध्येही (नवी आवृत्ती कशी चालवायची ते सांगणारी फाइल) रेप्लिकांचा, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या किती प्रती चालवायच्या त्याचा, आकडा लिहून ठेवलेला असतो. मग नवी आवृत्ती गेली की संख्या धपकन खाली येते. तो आकडा फाइलमधून काढा. यंत्रणेतल्या प्रत्येक किल्लीचा मालक एकच असावा, आणि ‘बंद’ हा आदेश माणसाने दिला असेल तर तो उलटवायचा अधिकार कुठल्याच प्रोग्रॅमला नसावा.

सगळे एकदम आजारी? आधी डोळे तपासा

4 ऑक्टोबर 2021 रोजी देखभालीच्या एका आदेशामुळे फेसबुकची डेटा सेंटर्स जोडणारं नेटवर्क तुटलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे सर्व्हर) डेटा सेंटर दिसेनासं झालं की ते स्वतःला आजारी मानून ‘माझ्यापर्यंत या वाटेने पोचा’ असं इंटरनेटला सांगणं थांबवत. एखाद्या ठिकाणासाठी हा नियम शहाणपणाचा आहे. त्या दिवशी तो सगळीकडे एकदम लागू झाला आणि चालू असलेले सर्व्हरही जगाला सापडेनात.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. एन्व्हॉय या प्रॉक्सीत (आलेलं काम सर्व्हरांमध्ये वाटणारा मधला प्रोग्रॅम) निरोगी सर्व्हर 50 टक्क्यांखाली गेले की हेल्थ चेककडे, म्हणजे सर्व्हरच्या तब्येतीच्या तपासणीकडे, दुर्लक्ष करून सगळ्यांकडे काम वाटलं जातं. निम्मे एकदम मेले असण्यापेक्षा तपासणीच चुकली असण्याची शक्यता जास्त, हा त्यामागचा विचार. आपल्या प्रत्येक आपोआप चालणाऱ्या कृतीला अशी मर्यादा घाला: एका तासात इतकेच सर्व्हर बदलायचे, त्यापुढे थांबायचं आणि माणसाला उठवायचं. पुन्हा प्रयत्न करताना प्रत्येक वेळी प्रतीक्षा वाढवा आणि तिच्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर सगळे एकाच क्षणी दारावर येतात.

आणखी एक चूक: मेमरी गळती, म्हणजे प्रोग्रॅमने घेतलेली मेमरी परत न सोडणं, आपोआप होणाऱ्या रीस्टार्टमुळे झाकली जाते. ती ओळखणं सोपं आहे: रीस्टार्टच्या संख्येवरच अलार्म लावा आणि प्रत्येक वेळचं कारण लॉगमध्ये ठेवा.

नवा नियम सुरू करताना पहिले काही दिवस त्याला फक्त ‘मी हे केलं असतं’ एवढंच लिहू द्या आणि ती यादी रोज वाचा. मग यंत्रणा भर कामात असताना तो हाताने बंद करून पाहा. दहा मिनिटांनी तो अजून बंदच आहे का, ते तपासा.