तोफेचं चाक अखेर सरळ बसलं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळच्या आमच्या घरी, मी महादजी शिंद्यांचा तोफखाना १:६० प्रमाणात घडवतोय. राजस्थानातल्या पाटणची लढाई (१७९०) मांडायची आहे.

अडलं ते चाकांवर. पुठ्ठ्याची चाकं पावसाळ्यात वाकडी झाली. मग २५ मि.मी. व्यासाच्या वायरिंगच्या पीव्हीसी पाइपच्या दोन मि.मी. रुंदीच्या चकत्या कापल्या. या प्रमाणात ते जवळपास पाच फुटी चाक होतं. तुंब्याला (चाकाच्या मधल्या गाभ्याला) सहा मि.मी.चा लाकडी मणी, आऱ्यांना टूथपिकचे आठ मि.मी.चे तुकडे.

तरी आरे तिरके बसायचे. दोष माझ्या घाईचा आणि सुपरग्लूचा होता. तो लगेच धरतो, आरा सरळ करायला वेळ देत नाही. मग कागदावर दर ३० अंशांनी बारा रेघा आखल्या, वर सेलोटेप ताणून लावली. चकतीची आतली बाजू पॉलिश पेपरने खरवडली (हे विसरू नका, गुळगुळीत पीव्हीसीवर काहीच नीट धरत नाही) आणि सावकाश सुकणारं दोन ट्यूबांचं इपॉक्सी वापरलं. समोरासमोरचे आरे आधी, मधले नंतर. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी चाक टेपवरून अलगद सुटलं. आसावर फिरवलं, जराही डगमगलं नाही. कितीतरी वेळ फिरवतच बसलो होतो.