बी.एस्सी. जीवशास्त्र: विषय, क्रेडिट आणि पावसाळा यांचा मेळ कसा घालायचा

प्रवेशाच्या खिडकीवर 'सीबीझेड द्या' (म्हणजे रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र) एवढं सांगून फॉर्म भरला जातो आणि खरा हिशेब दुसऱ्या वर्षी सुरू होतो. तोवर एक विषय हातचा सुटलेला असतो. म्हणून आखणी शेवटाकडून करा. पदवीनंतर कोणता अर्ज भरायचा आहे आणि त्या अर्जात पदवीला कोणता विषय मागतात, हे आधी बघा.

दोन अर्ज शेजारी ठेवले की मुद्दा लगेच कळतो. यूपीएससीच्या भारतीय वन सेवेसाठी पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान त्या यादीत नाहीत. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत नेमकं उलटं आहे: तिथं सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान यांची पदवी चालते, नुसत्या वनस्पती-प्राणिशास्त्राची चालत नाही. म्हणजे एकाच वर्गातल्या दोघांनी वेगळा मेजर (मुख्य विषय) घेतला, तर तीन वर्षांनी एकाला एक अर्ज भरता येतो, दुसऱ्याला दुसरा. बी.एड.ला जायचं असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीत असावा लागतो. आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत जैवतंत्रज्ञानाच्या पेपरला जीवशास्त्रासोबत रसायन, गणित आणि भौतिकचेही प्रश्न असतात. बारावीला गणित सोडलेल्यांनी ही गोष्ट पहिल्याच वर्षी वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

विषय कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा

मराठवाड्यात दोन विद्यापीठं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम त्याचा स्वतःचा. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्राचा अभ्यासक्रम आपल्याला लागू पडेल हे धरून चालू नका. आपल्याच वर्षाच्या बॅचचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. वर्ष नीट बघा. जुन्या पॅटर्नची पीडीएफ अजूनही सगळीकडे फिरत असते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर (दुय्यम विषय) आणि तिसरा सुटतो. हा निर्णय दुसरं सेमिस्टर संपताना घाईत होतो, कारण सगळे 'ज्यात मार्क जास्त पडले ते' घेतात. पहिल्या वर्षाचे मार्क पेपर तपासणाऱ्यावर आणि इंटर्नलवर बरेच अवलंबून असतात. त्यावर पुढची चार वर्षं ठरवू नका.

काय करायचं हे पक्कं नसेल तर वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मेजर आणि रसायन मायनर ही जोडी सगळ्यात सुरक्षित. रसायन सोडलं की जीवरसायनाचं एम.एस्सी., औषध कंपन्यांतलं गुणवत्ता-तपासणीचं काम आणि जॅममधला रसायनाचा भाग हे सगळं एकदम अवघड होतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याकडच्या कारखान्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची असेल तर सूक्ष्मजीवशास्त्र मेजर, रसायन मायनर. वनस्पती आणि प्राणी असे दोन्ही ठेवून रसायन सोडायचं फक्त तेव्हाच, जेव्हा वन सेवा, वन्यजीव किंवा शिक्षकी पेशा हे डोक्यात स्पष्ट आहे.

ओपन इलेक्टिव्ह (आपल्या विषयांबाहेरचा ऐच्छिक पेपर) साधारणपणे दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावं लागतं, म्हणजे कला किंवा वाणिज्यमधून. संख्याशास्त्र तिथे मिळेल या आशेवर राहू नका. ते मायनरमधून किंवा कौशल्याच्या पेपरमधून साधावं लागतं. व्होकेशनल स्किलच्या पेपरात रेशीम उद्योग असेल तर जरूर विचार करा. जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे, बीड-जालन्यात तुती आहे, आणि प्रात्यक्षिक बघायला लांब जावं लागत नाही. मात्र अळ्यांना साधारण २४ ते २८ अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता लागते. एप्रिल-मेच्या उन्हात संगोपनाचं प्रात्यक्षिक ठेवलं तर पीक हाताशी येत नाही. हा पेपर पावसाळी किंवा हिवाळी सेमिस्टरलाच घ्या.

क्रेडिटचं तासांत रूपांतर करा

क्रेडिटचे आकडे कागदावर सारखेच दिसतात, आठवड्यात ते सारखे नसतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला १ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला २ तास.

समजा २२ क्रेडिटचं सेमिस्टर आहे, त्यातली १४ थिअरीची आणि ८ प्रात्यक्षिकाची. आठवड्याला १४ अधिक १६, म्हणजे ३० तास वर्गात आणि प्रयोगशाळेत जातात. यात जर्नल लिहिणं, असाइनमेंट, सेमिनार नाही. त्यासाठी प्रत्येक प्रात्यक्षिकामागे तासभर वेगळा काढा. एसटीने ये-जा करणाऱ्यांनी बॅच मागताना शेवटच्या गाडीची वेळ आधी बघावी. दुपारच्या बॅचचं प्रात्यक्षिक साडेचारला संपायचं आणि गाडी सव्वाचारची असेल, तर प्रत्येक वेळी शेवटचं निरीक्षण चुकतं. मग जर्नलमध्ये शेजाऱ्याचे आकडे येतात आणि तोंडी परीक्षेत ते उघडे पडतात. बॅच बदलायची विनंती पहिल्या आठवड्यात विभागप्रमुखांकडे लेखी द्या. यादी लागल्यावर कुणी ऐकत नाही.

थिअरीचा बॅकलॉग राहिला तर पुढच्या परीक्षेला पेपर देता येतो. प्रात्यक्षिकाचा राहिला तर खालच्या बॅचसोबत बसावं लागतं, आणि तेव्हा आपलं स्वतःचं प्रात्यक्षिक दुसऱ्या खोलीत चालू असतं. नीटची पुन्हा तयारी करत असताना सोबत बी.एस्सी.ला नाव घालणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं: व्याख्यानं बुडाली तर वाचून भरून निघतील, प्रात्यक्षिक आणि इंटर्नल बुडवायचं नाही. जर्नलवर दर आठवड्याला सही घ्यायची. शेवटच्या आठवड्यात गठ्ठा घेऊन गेलं की सही मिळत नाही, आणि सर्टिफाइड जर्नलशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.

पावसाळा हुकवू नका

आपल्याकडच्या आखणीत ही गोष्ट सगळ्यात जास्त हुकते. शैक्षणिक सहल आणि वनस्पती गोळा करण्याचं काम बहुतेक वेळा जानेवारी-फेब्रुवारीत ठेवतात. तोवर मराठवाड्यातल्या माळावर पावसाळी वनस्पती वाळून गेलेल्या असतात. फुलंच नाहीत, मग कुळ कशावरून ओळखणार? हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) दुसऱ्या सत्रात सादर करायचं असलं तरी नमुने ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत गोळा करा. घराच्या आजूबाजूलाच बरंच मिळतं: तरोटा, आघाडा, कुर्डू, केना, घोळ, माका, दगडीपाला, धोतरा. कापूस, भेंडी आणि अंबाडी अशा तीन शेतांतून एक फेरी मारली की माल्व्हेसी कुळ तिथंच पूर्ण होतं.

केना सकाळी लवकर काढा. त्याच्या निळ्या पाकळ्या दुपारपर्यंत मिटून विरघळल्यासारख्या होतात, आणि मग शीटवर नुसती हिरवी काडी राहते. जागेवरच दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये पाकळ्या पसरून ठेवा. घोळ मांसल असते. दाबून ठेवली तरी कित्येक दिवस जिवंत राहते आणि प्रेसमध्येच पानं गाळते. तिला आधी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून पुसून घ्यावं.

कागद पहिले तीन-चार दिवस रोज बदलायचे, नंतर दिवसाआड. पावसाळ्यात हेच टाळलं की पानं काळी पडतात आणि बुरशी येते. बदललेले कागद उन्हात वाळवून पुन्हा वापरा. शीटचं माप साधारण ४२ बाय २९ सेंटीमीटर. फुलाचा रंग, झाडाची उंची, ठिकाण आणि तारीख त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून नमुन्यासोबत ठेवा. रंग वाळल्यावर उडतो आणि दोन महिन्यांनी तो कुणाला आठवत नाही. अभयारण्याच्या हद्दीत, मग ते गौताळा असो की येडशीचं रामलिंग घाट, परवानगीशिवाय काही तोडायचं नाही. रस्त्याकडेला आणि बांधावर पदवीपुरतं पुरेसं आहे.

प्राणिशास्त्राचं वेळापत्रक याच्या उलट. पैठणच्या नाथसागरावरचे स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात, त्यामुळे पक्षीगणनेचा प्रकल्प नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. ड्रोसोफिलाची (फळमाशीची) पैदास २५ अंशांच्या आसपास चांगली होते; तापमान ३० च्या वर गेलं की नर वांझ होऊ लागतात. मार्चनंतर साध्या खोलीत बाटल्या ठेवून आनुवंशिकीचे संकर करायला घेतले तर पिढीच मिळत नाही. हे काम डिसेंबर-जानेवारीत उरकायचं.

परीक्षेआधी करून ठेवायची प्रयोगशाळेतली कामं

कांद्याच्या मुळाच्या टोकातलं सूत्री विभाजन हे कित्येक परीक्षांत येतं आणि त्यातच जास्त मुलं अडकतात. नुकताच काढलेला उन्हाळी कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटत नाहीत. जुना, कोरडा कांदा घ्या. वाळलेली मुळं खरवडून टाका, बूड पाण्याला टेकेल असा ग्लासवर ठेवा. दोन ते चार दिवसांत १ ते २ सेंटीमीटर मुळं येतात. ती सकाळी कापा. त्या वेळी विभाजन होणाऱ्या पेशी जास्त मिळतात. ३ भाग अल्कोहोल आणि १ भाग ग्लेशियल असेटिक आम्ल या मिश्रणात २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये. अशी मुळं काही आठवडे टिकतात, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी कांदा शोधत फिरायची वेळ येत नाही.

स्लाइड करताना १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर ५ ते १० मिनिटं मऊ करून फक्त टोकाचे २ मिलिमीटर घ्या. लांब तुकडा घेतला की दिसतात त्या मोठ्या, विभाजन थांबलेल्या पेशी. १ नॉर्मल आम्ल १०० मिलिलिटर करायचं तर तीव्र आम्ल साधारण ८.६ मिलिलिटर लागतं. आधी पाणी, मग आम्ल. उलटं कधीच नाही. द्रावण करण्याचा हा हिशेब, म्हणजे मोलर, नॉर्मल आणि टक्केवारी, पहिल्याच सेमिस्टरला हातात बसवून घ्या. पुढच्या पाच सेमिस्टरच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात तो लागतो, आणि तिसऱ्या वर्षी विचारायची लाज वाटते.

प्रकल्प, इंटर्नशिप आणि स्वयम्

फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग ही क्रेडिट शेवटच्या महिन्यावर ढकलली जातात. ऑन जॉब ट्रेनिंग ४ क्रेडिटचं असेल आणि क्रेडिटला ३० तास धरले, तर १२० तास होतात. रोज ६ तास दिले तर २० दिवस. एवढी सलग सुट्टी फक्त दोन सेमिस्टरच्या मध्ये मिळते, म्हणून पत्रव्यवहार दोन महिने आधी सुरू करा. जालन्यात बियाणे कंपन्या आहेत, परभणीत कृषी विद्यापीठ आहे, प्रत्येक जिल्ह्यात माती-पाणी तपासणी आणि रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. महाविद्यालयाचं पत्र, कामाची डायरी आणि शेवटी तासांचा आकडा लिहिलेलं प्रमाणपत्र, ही तिन्ही लागतात. तास न लिहिलेलं प्रमाणपत्र परत येतं.

गावातल्या विहिरींच्या पाण्यावर प्रकल्प करणारे दरवर्षी असतात. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल तर बाटली नुसती भरून एसटीतून कॉलेजात आणायची नाही. वाटेत आकडा बदलतो. मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड विहिरीवरच घालून ऑक्सिजन तिथंच बांधून घ्यावा, मग प्रयोगशाळेत टायट्रेशन करावं. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. पावसाआधीचे आणि नंतरचे आकडे तुलनेला लागतात, म्हणजे मार्गदर्शक मेमध्येच ठरलेला हवा.

स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे कोर्स क्रेडिटसाठी चालतात, पण नाव नोंदवण्याआधी विभागाची लेखी मान्यता घ्या. कोर्स पूर्ण करून, परीक्षा देऊन मग 'हा पेपर आपल्याकडे समकक्ष नाही' असं ऐकायला मिळालं तर मेहनत वाया. जीवसंख्याशास्त्राचा कोर्स तिथून घेणं सगळ्यात उपयोगी. परीक्षेचं केंद्र आपल्या तालुक्यात असेलच असं नाही, प्रवासखर्च धरा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं डिजिलॉकरमधून काढताना आधारवरचं आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव ताडून बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, शिवाय स्पेलिंगमध्ये फरक, आणि त्यातून क्रेडिट जमा होण्यात खोळंबा. ही दुरुस्ती पहिल्या सेमिस्टरमध्येच करून टाका.

तिसरं वर्ष आणि चौथ्याचा प्रश्न

जॅम फेब्रुवारीत असते आणि तिचे अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. म्हणजे पाचव्या सेमिस्टरमध्ये प्रकल्पाचं मोजमाप, सहाव्याच्या सुरुवातीला परीक्षा आणि शेवटी अहवाल. प्रकल्पाची आकडेवारी डिसेंबरपर्यंत हातात नसेल तर जानेवारीत दोन्हीकडे ओढाताण होते.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के गुण हवेत, आणि महाविद्यालयाला तशी मान्यता हवी. ही दुसरी गोष्ट तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांच्या कार्यालयात विचारा, कारण मान्यता नसेल तर दुसऱ्या महाविद्यालयात जागा शोधावी लागते. टक्के कमी पडत असतील तर तीन वर्षांवर पदवी घेऊन दोन वर्षांचं एम.एस्सी. हा रस्ता उघडा आहेच, आणि तिथेही मेजर कोणता हे आधी विचारतात.