वाचनालयात मुलांसाठी गेमिंग सुरू करताय? आधी दोनच कंट्रोलर घ्या

आमचं तालुक्याचं 'ब' वर्ग वाचनालय. सातवीपर्यंत रोज येणारी मुलं आठवीत गेली की दिसेनाशी होतात, याची मला फार रुखरुख होती. म्हणून शनिवारी दुपारी ४ ते ६ व्हिडिओ गेम सुरू केले. आता दीड वर्ष झालं.

सुरुवात कार्यकारिणीपासून करा. आमच्या अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, पोरं घरी मोबाइलवर खेळतातच की!" मी म्हटलं, "अण्णा, घरी एकेकटी खेळतात. इथे एका पडद्यासमोर बसतील, एकमेकांशी बोलतील." तीन महिन्यांच्या प्रयोगाचा ठराव करून घ्या. खर्च देणगीतून करा, अनुदानाला हात लावू नका. लेखापरीक्षणात प्रश्न उरत नाहीत.

महागडा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं खास गेमचं यंत्र, नको. आमचा जुना कॉम्प्युटर आणि व्याख्यानमालेचा प्रोजेक्टर पुरला. 'सुपरटक्सकार्ट' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम फुकट मिळतो, इंटरनेटशिवाय चालतो, मध्येच जाहिराती येत नाहीत, आणि पडद्याचे भाग पाडून अनेकांना एकदम खेळता येतं. वायरवाले दोन यूएसबी कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायची बटणवाली साधनं, घ्या; चार्जिंगची कटकट नको. यूपीएस मात्र हवाच. शेवटच्या फेरीत लाइट गेली की मुलं खरोखर रडकुंडीला येतात.

दुसरा कुठलाही गेम आणण्याआधी स्वतः खेळून बघा आणि वयाचा आकडा तपासा. कुठला गेम किती वयापासून चालेल हे सांगणाऱ्या पेगी या युरोपातल्या पद्धतीचे आकडे 3, 7, 12, 16, 18 असे असतात. आम्ही 12 च्या वर जात नाही. पैसे लावून खेळायचं काहीही नको. 'राजी' मी आवर्जून दाखवला, एकाच्या लॅपटॉपवर. 2020 मध्ये आलेला हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलाय म्हटल्यावर नववीतला एक मुलगा कितीतरी वेळ नुसता पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हे काम पुण्यात मिळतं?"

कंट्रोलर दोनच आणि मुलं पंधरा, हे मला उलट चांगलं वाटतं. कॅटलॉगच्या जुन्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर नंबर घालून तीच मुलांना वाटून देते. एक शर्यत झाली की कंट्रोलर पुढच्या नंबरकडे. थांबलेल्यांपैकी एक जण फळ्यावर निकाल लिहितो, एक धावतं समालोचन करतो. "आली, आली, आतल्या बाजूनं आली!" हे ऐकून पेपर वाचणारे आजोबासुद्धा दारात येऊन उभे राहतात.

पहिले दोन शनिवार एकही मुलगी आली नाही. मग मी मुलींच्या शाळेत जाऊन सांगितलं आणि पहिली चार कार्डं मुलींसाठी राखली. पहिल्यांदा कंट्रोलर धरलेली एक मुलगी वळण आलं की अख्खी खुर्चीसकट वळायची. आता समालोचन तीच करते.

पुस्तक वाचलं तरच डाव, अशी अट घालू नका. मी महिनाभर घातली होती. मुलं सगळ्यात पातळ पुस्तक न्यायची आणि न उघडता परत आणायची. अट काढली आणि विज्ञानकथांचं, क्रिकेटचं कपाट रांग लागते तिथे सरकवलं. उभ्याउभ्या चाळतात, कधी घरीही नेतात.

हजेरीच्या वहीत नाव, इयत्ता, पालकांचा फोन लिहून घ्या. पावणेसहाला शेवटची शर्यत पुकारा. वायरी गुंडाळणं, कंट्रोलर मोजून कपाटात ठेवणं मुलांवरच सोपवा. आमच्याकडे किल्ली माझ्या हातात आणून देण्यासाठीही नंबर लागतात.