अपघाताचा क्लेम पहिल्या पंधरवड्यातच बिघडतो: या चुका टाळा

माझ्या टेबलावर एक जुना केस पेपर आहे, रात्री पावणेदहाला दवाखान्यात लिहिलेला. 'हकीकत'समोर डॉक्टरांनी एकच ओळ नोंदवली आहे: 'मोटारसायकल घसरून स्वतः पडल्याने मार.' प्रत्यक्षात त्या माणसाला मागून आलेल्या टेम्पोने उडवलं होतं. त्याला उचलून आणणारा पोरगा गावातलाच. पोलिसांचं झेंगट मागे लागू नये म्हणून काउंटरवर 'गाडी घसरली' एवढं सांगून तो मोकळा झाला. पेशंट बेशुद्ध, घरचे दोन तासांनी पोचले, आणि फिर्याद अकराव्या दिवशी दिली गेली. पुढे दाव्याच्या उलटतपासात विमा कंपनीच्या वकिलांनी तोच कागद जखमीच्या हातात दिला आणि ती ओळ मोठ्याने वाचायला लावली.

टेम्पोच्या बंपरवरचे ओरखडे पंचनाम्यात आले होते, म्हणून ती केस तरली. मी इतकी वर्षं मोटार अपघाताचे दावे चालवतो, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की चांगले दावे कायद्याच्या मुद्द्यावर फारसे हरत नाहीत. ते अशा एखाद्या ओळीवर हरतात. म्हणून हे लिहितोय.

दवाखान्यातली हकीकत

जखमीला आणणाऱ्याला भीती असते, ती कायद्याने केव्हाच काढून टाकली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याने नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. तेव्हा त्याने खरं सांगावं: कुठल्या गाडीने, कुठून येऊन धडक दिली. वाहनाचा नंबर दिसला असेल तर तोही.

घरचे पोचले की औषधांच्या चिठ्ठीइतक्याच तातडीने केस पेपर वाचा. हकीकत चुकीची असेल तर त्याच दिवशी दवाखान्याला लेखी अर्ज द्या आणि पोच म्हणून प्रतीवर शिक्का-सही घ्या. मूळ नोंद खोडायला सांगू नका. खाडाखोड झालेला कागद आणखी संशय वाढवतो. खाली दुरुस्तीची नोंद तारखेसह झाली पाहिजे. एमएलसी झाली आहे का, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवलं आहे का, तेही विचारा. डिस्चार्ज कार्डावरची हकीकत घरी जायच्या आधी वाचा.

पैशाचंही तेव्हाच विचारा. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार तिच्यात बसतात. ११२ वर फोन करा.

'आधी पेशंट, मग पोलिस'

माणूस म्हणून हे अगदी बरोबर आहे, आणि उशीर का झाला हे नीट सांगता आलं तर केवळ उशिरामुळे दावा पडत नाही. पण घरात चार माणसं असतात. त्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी ठाण्यात जावं. अपघात दुसऱ्या हद्दीत झाला म्हणून कोणी परत पाठवत असेल तर 'झिरो' गुन्हा नोंदवायला सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न ठेवलेलाच नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. फिर्याद घेतलीच नाही तर पोलिस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आणि सही करण्यापूर्वी जबाब वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. डाव्या-उजव्या बाजूची गल्लत जबाबात सर्रास होते, आणि वर्षभराने तीच गल्लत 'जखमीच उलट बाजूने येत होता' अशी वाचली जाते.

पेट्रोल पंपाच्या, ढाब्याच्या कॅमेऱ्याचं फुटेज काही दिवसांतच पुसलं जातं. ते राखून ठेवण्याचा लेखी अर्ज तपासी अंमलदारांना आणि पंपाच्या मालकांना लगेच द्या. मोबाइलवर फोटो काढले असतील तर मूळ फोटो त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत कोर्टात लंगडी पडते. अशा पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (फोटो किंवा फुटेज कुठल्या उपकरणातून कसं काढलं हे सांगणारं) लागतं, आणि ते देणाराही सापडायला हवा.

सहा महिने

'फौजदारी केसचा निकाल लागू दे, मग क्लेम टाकू' हे वाक्य मी जितक्यांदा ऐकतो तितक्यांदा माझ्या पोटात गोळा येतो. दोन्ही प्रकरणं स्वतंत्र आहेत. ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी क्लेम टिकू शकतो, कारण इथे पुराव्याची पट्टी वेगळी असते. पण १ एप्रिल २०२२ पासून क्लेम दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तो अंतरिम आहे हे विसरू नका. ज्यांची मुदत गेली त्यांनी आशा सोडू नये. ज्यांची चालू आहे त्यांनी ती पाळावी.

दुसरा गैरसमज अंतराचा. एक्स्प्रेस वेवर रायगड हद्दीत अपघात झाला आणि घर लातूरला, म्हणून कितीतरी लोक दावाच टाकत नाहीत. कायदा अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे अशी निवड तुमच्या हातात देतो.

कोरी झालेली बिलं

मेडिकलची बिलं बऱ्याचदा त्या गुळगुळीत कागदावर छापलेली असतात. ती पिशवीत राहतात, पिशवी कपाटात, आणि अडीच वर्षांनी साक्षीच्या दिवशी बाहेर काढली की हातात पांढऱ्या पट्ट्या येतात. एका बाईंनी मला अशा साठ-सत्तर पट्ट्या दिल्या होत्या. त्या एकेक उजेडाकडे धरून बघत होत्या, आकडा दिसतो का म्हणून. बिल मिळालं की त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा आणि मूळ बिल तिला टाचून ठेवा. रिक्षाचं भाडं, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा पगार, पट्टी बदलायला येणाऱ्या कंपाउंडरचे पैसे असा सगळा खर्च तारखेसह वहीत लिहा.

दवाखाना कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर लेखी मागणी करा. मागणीपासून ७२ तासांत रेकॉर्ड देणं डॉक्टरांच्या आचारनियमांत आहे. ते जपण्याचं बंधन मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं.

'चाळीस टक्के' म्हणजे कशाचे?

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठी रक्कम इथेच जाते किंवा राहते. अपंगत्वाच्या दाखल्यावर '४०%' असतं. ते पायाचे चाळीस की शरीराचे? दाखल्यावर स्पष्ट नसेल तर विमा कंपनी पायाचे धरते आणि शरीराचे पंधरा-वीस करून मागते. आणि मुळात कोर्टाला हवी असते ती कमाई किती बुडाली याची टक्केवारी. सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगून ठेवलंय की डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण गेली. तोच सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली असेल तर कमाईचं नुकसान तसं धरलं जाणार नाही.

म्हणून दाखला घेतला की काम संपलं असं समजू नका. तुम्ही रोज काय करत होता, त्यातलं काय आता होत नाही, हे साक्षीत यायला हवं. गवंडी असाल तर परांचीवर चढता येत नाही हे सांगा. दूध घालत असाल तर धार काढायला उकिडवं बसता येत नाही हे सांगा. आणि दाखला देणारे डॉक्टर साक्षीला आले नाहीत तर त्या कागदाचं वजन निम्मं होतं. त्यांची तारीख आधीपासून सांभाळा.

उत्पन्नाचंही तसंच. रिटर्न भरत नाही म्हणजे पुरावाच नाही, असं नसतं. बाजार समितीच्या पट्ट्या, दूध संघाचं बिल, बँकेचं पासबुक, भिशीची वही, फोनवर आलेले पैसे, सगळं चालतं. अपघातानंतर घाईने मागच्या तीन वर्षांचे रिटर्न भरू नका. तारीख बघितली की कोर्टाचा खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

'मिटवून टाकू'

गाडीमालक घरी येतो, सोबत गावातला पुढारी असतो. वीस-पंचवीस हजार आणि पाचशेच्या स्टॅम्पवर 'माझी काही तक्रार नाही'. पायात रॉड असलेल्या माणसाला त्या दिवशी ते पैसे मोठेच वाटतात. मी कोणाला दोष देत नाही. पण तो कागद पुढे तुमच्याविरुद्धच उभा राहतो. तडजोड जरूर करा, फक्त ती न्यायाधिकरणासमोर (म्हणजे जिथे हा क्लेम चालतो त्या कोर्टासमोर) किंवा लोकअदालतीत, विमा कंपनीला सोबत घेऊन करा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून पुढचं ऑपरेशन बाकी असताना तिथे सही करू नका. तसंच, चूक कोणाची हे न बघता मिळणारी ठरावीक भरपाई (मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख) स्वीकारली की मोठा क्लेम संपतो. आधी हिशेब मांडा.

'गाडी सापडलीच नाही'

तरीही काही मिळत नाही असं नसतं. हिट अँड रनमध्ये मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. अर्ज अपघात झाला तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे किंवा तहसीलदारांकडे करायचा. गाडी खड्ड्यात आदळली असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश माहीत असू द्या: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, आजूबाजूचं दुकान किंवा खांब दिसेल असा. खड्डा बुजायला एक रात्र पुरते.

मागे बसणाऱ्यांसाठी एक सांगतो. गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मागच्या सीटवरचा माणूस सहसा त्यात धरला जात नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसकट काढलेल्या विम्यात, धरला जातो. गाडी तुमचीच असेल तर पॉलिसी आज काढून बघा.

भांडणातला मार

सोसायटीच्या पार्किंगमध्ये झटापट होते, बोट दुखावतं, ठाण्यात 'एनसी' नोंदवून लोक घरी येतात आणि पोलिस तपास करतील म्हणून वाट बघत बसतात. एनसी म्हणजे अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपासच करता येत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं तर चित्र पालटतं. हाड किंवा दात मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, आणि तो दखलपात्र गुन्हा होतो. रिपोर्ट घेऊन परत ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बहुतेक लोक परत जात नाहीत, आणि तिथेच प्रकरण विझतं.

  

वकील निवडताना

वॉर्डातच एजंट भेटतात. कोऱ्या वकीलपत्रावर आणि कोऱ्या चेकवर सही घेतात, 'मिळेल त्यात तीस टक्के' म्हणतात. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या हिश्शावर फी ठरवायला बार कौन्सिलचे नियम वकिलाला परवानगी देत नाहीत. हे मी वकील म्हणूनच सांगतोय: जो पहिल्या भेटीतच नियम मोडतो, त्याच्या हाती आपल्या तुटलेल्या पायाचे पैसे देऊ नका. फी लेखी ठरवा, दाव्याचा नंबर आणि पुढची तारीख स्वतःजवळ ठेवा, कोर्टाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही बघता येते.

फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. जाताना आधार कार्ड, फिर्यादीची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड एवढं न्या. एखादा कागद नसला तरी जा, तो कसा मिळवायचा ते तिथेच विचारा.